ती शाई मुळात तपकिरी होती का?

गेल्या रविवारी तुम्ही आजोबांच्या पत्रांचा पत्र्याचा डबा, त्यांचं एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन आणि पार्करच्या क्विंक शाईची जुनी बाटली घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे आलात. तुमचे प्रश्न तीन होते. आजोबांच्या पत्रांतला तपकिरी रंग आजच्या कुठल्याच शाईत का सापडत नाही? जुन्या शाया खरंच जास्त चांगल्या होत्या का? आणि त्यांच्या पेनात तीच जुनी शाई भरली तर चालेल का? त्या दिवशी दोन माणसं पेन घेऊन बसली होती, बोलणं अर्धवट राहिलं. पण डबा आणि बाटली तुम्ही आठवडाभर माझ्याकडे ठेवलीत, त्यामुळे सगळं सावकाश, दिवसाच्या उजेडात, भिंग लावून बघता आलं. जे दिसलं ते सविस्तर लिहून देतो.

सगळ्यात आधी जे सांगायला हवं ते हे, की तुमच्या डब्यात दोन वेगवेगळे तपकिरी आहेत. तुम्ही ते एकच समजत होता. त्यातला एक रंग शाईचा आहे आणि दुसरा काळाचा आहे.

१९५४ पर्यंतची जी पत्रं आहेत, इंदूरच्या आत्याबाईंना लिहिलेली आणि त्यांच्या पश्चात परत आलेली, ती तपकिरी शाईत लिहिलेलीच नाहीत. ती निळ्याकाळ्या शाईची आहेत. तुम्हाला पटणार नाही म्हणून पुरावा वेगळा काढून ठेवलाय. त्यातल्या एका अंतर्देशीय पत्राची डिंकाची कड मजकुराच्या शेवटच्या ओळीवर चिकटून राहिली होती. ती आधीच निम्मी सुटलेली होती, बाकीची हलक्या हाताने उचलली. बाहेर राहिलेलं ‘कळावे’ तपकिरी आहे आणि पट्टीखाली झाकलेलं ‘लोभ असावा’ अजून काळपट निळं आहे. एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली ओळ आहे ती. जिथे उजेड पोचला तिथे निळा गेला, जिथे नाही पोचला तिथे राहिला.

हे होतं ते असं. जुनी कायमची निळीकाळी शाई बहुतेक हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) यांची असायची. मायफळात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, आपल्याकडे हिरड्यातही भरपूर असतं. टॅनिन आणि हिराकसातलं लोह एकत्र आलं की सुरुवातीला द्रव फिकाच दिसतो. कागदावर हवा लागली की लोहाचं रूप बदलतं आणि काळा रंग तयार होऊन तंतूंत रुतून बसतो. लिहिताना अक्षर दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालत. काही वर्षांत तो निळा उडायला लागतो, पुढे त्या काळ्याचंही विघटन होतं आणि मागे उरतो तो गंजाच्या जवळ जाणारा तपकिरी. भिंगातून बघितलंत तर जाड रेघेच्या मध्यभागी अजून काळेपणा दिसेल आणि कडेला पिवळसर वलय. कागदाच्या मागच्या बाजूलाही अक्षराची सावली उमटलेली असते, कारण ती शाई आम्लधर्मी आणि वर्षानुवर्षं ती कागद हळूहळू खात असते.

इथे एक गोष्ट सांगतो, आपल्या बडोद्याची म्हणून. गायकवाडी दप्तरातले मोडी कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक असेल, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचं बोरूने लिहिलेलं मोडी आजही काळंभोर असतं. कारण ती काजळाची शाई. दिव्याचं काजळ आणि डिंक, बस. कोळसा उजेडाने उडत नाही, हवेने बदलत नाही. म्हणजे पेशवाईतला कारकून आजही काळ्यात वाचता येतो आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं घरचं पत्र तपकिरी झालेलं असतं. जुनं ते तपकिरी, असा आपल्या मनात जो मेळ बसलाय तो या लोहाच्या शाईने बसवलाय. कित्येक लोक माझ्याकडे ‘जुन्या पत्रासारखी तपकिरी’ मागायला येतात, तेव्हा त्यांना तपकिरी शाई नको असते, म्हातारी झालेली निळीकाळी हवी असते.

१९५५ नंतरची पत्रं मात्र खरी तपकिरी आहेत आणि ती बहुधा याच बाटलीतली. अक्षर पूर्ण एकसारखं, मध्यभागी काळेपणा नाही, मागे उमटलेलं नाही. एका कोऱ्या पाकिटावर शाईचा ठिपका पडला होता, त्याला ओल्या कापसाचं टोक लावलं तर लगेच तांबूस रंग सुटला. लोहाची शाई अशी सुटत नाही. (पत्रावर हा प्रयोग करू नका. मी फक्त त्या ठिपक्यावर केला, आणि तेवढंच पुरे.) दुसरी खूण घड्यांवर आहे. पत्र घडी करून ठेवलेलं होतं, त्यामुळे बाहेरची घडी पिवळट बदामी झालीय आणि आतली अजून काथासारखी गडद आहे. म्हणजे ‘आजोबांचा तपकिरी’ म्हणून तुम्ही ज्या ओळीचा फोटो काढून दुकानांत दाखवत होता, तो त्यांनी लिहिला तेव्हाचा रंग नाही. तो जाणायचा तर आतल्या घडीकडे बघा.

आता जुनी विरुद्ध नवी, या मुख्य प्रश्नाकडे येतो. मी कलाभवनात रंगरसायन शिकलो आणि पुढे अठ्ठावीस वर्षं कापडाच्या रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सयाजीरावांच्या काळात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभं राहिलं आणि रंगाईचं शास्त्र तिथे पहिल्यापासून शिकवलं जायचं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर फासलेलं डांबर ज्यांनी काढून दाखवलं ते हेच गज्जर. तर पेन दुरुस्ती माझा निवृत्तीनंतरचा उद्योग, पण शाईकडे मी बघतो ते रंगवाल्याच्या नजरेने. आणि रंगवाल्याला तपकिरीइतका फसवा रंग दुसरा नाही.

इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगी. आजूबाजूला जास्त उजळ काहीतरी असलं की तोच नारिंगी आपल्याला तपकिरी भासतो. त्यामुळे तपकिरी शाईचा रंग निम्मा बाटलीत असतो आणि निम्मा कागदात. आजोबांचा कागद पिवळट होता, आणि आता तो आणखी पिवळा झालाय. आजच्या पांढऱ्याशुभ्र कागदात चकाकी आणणारं द्रव्य घातलेलं असतं, आपण धोतराला नीळ घालायचो त्याच्याच जातीचं काम करणारं, निळसर झळाळी देणारं. तशा कागदावर कुठलाही तपकिरी अधिक काळा आणि अधिक निर्जीव दिसतो. तुम्ही आणलेल्या चार नव्या शायांनी मी दोनदा लिहून बघितलं. एकदा झेरॉक्सच्या कागदावर आणि एकदा माझ्याकडच्या जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर. खतावणीच्या पानावर त्यातल्या दोन शाया तुमच्या पत्रांच्या शेजारी ठेवता येतील इतक्या जवळ आल्या. शाई बदललीच नव्हती. म्हणून जुळणारा रंग शोधायचा असेल तर आधी कागद बदला. किंचित पिवळट, बिनचकाकीचा कागद घ्या आणि मग शाया लावून बघा.

दुसरा फसवा भाग म्हणजे मिश्रण. शाईतला तपकिरी हा जवळपास नेहमी दोन-तीन-चार रंगांचा मेळ असतो: पिवळा किंवा नारिंगी, त्यात तांबडा, आणि दाबायला थोडा निळा किंवा काळा. घरी बघायचं असेल तर शाळेतला खडूचा प्रयोग करा. पांढऱ्या खडूला बुडापासून बोटभर वर शाईचा एक पट्टा काढा आणि बशीत अगदी थोडं पाणी घेऊन खडू उभा ठेवा, पट्टा पाण्याच्या वर राहील असा. दहा-पंधरा मिनिटांत पाणी वर चढतं आणि रंग आपापल्या वेगाने त्याच्याबरोबर जातात. तुमच्या क्विंकचा खडू मी जपून ठेवलाय. वर पिवळट नारिंगी, मध्ये तांबडा, आणि खाली पट्ट्याच्या जागीच अडकून बसलेला जांभळट काळा. आजच्या एका शाईत त्यावर आणखी एक हिरवट फीत निघाली, ती लिहिताना कुठेच जाणवत नव्हती, पण अक्षर वाळताना ज्या किंचित शेवाळी छटेने वेगळं दिसत होतं ती तिच्यामुळे.

हे सगळे रंग एकाच वेगाने उडत नाहीत. एक आधी जातो आणि उरलेल्यांचा तोल बिघडतो. म्हणूनच बाहेरच्या घडीवर पिवळा उरला. हे जुन्या शाईत झालं तसंच नव्या शाईतही होतं. नवी शाई उन्हात जास्त टिकते असं मानून चालू नका. आज रंगांची निवड कितीतरी मोठी आहे, ते अधिक शुद्ध मिळतात आणि एका बाटलीपासून दुसऱ्या बाटलीपर्यंत रंग सारखा राहतो, हा नव्याचा फायदा नक्की. पण रंग चमकदार असणं आणि टिकाऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीत पंधरा दिवस अर्धी पट्टी झाकून ठेवा, तुमच्या स्वतःच्या शाईचं उत्तर तुम्हालाच मिळेल. बडोद्याच्या मे महिन्यात तर आठ दिवसही पुरतात.

आता तुमची बाटली. क्विंक पार्करने १९३१ साली बाजारात आणली आणि ‘परमनंट ब्राउन’ तिच्या जुन्या रंगांपैकी एक. लेबलवर सॉल्व्ह-एक्सचं नाव आहे, तो तिचा घटक लिहिता लिहिता पेन साफ करतो असा पार्करचा दावा असे. झाकण उघडल्याबरोबर जो वास आला, तुम्ही म्हणालात दवाखान्याचा, तो फिनॉलचा. लाल कार्बोलिक साबणाचा वास ज्यांना आठवतो ते लगेच ओळखतील. त्या काळी शाईत बुरशी होऊ नये म्हणून ते घालत आणि ते काम चोख करायचं. म्हणूनच इतक्या वर्षांनी तुमच्या बाटलीत बुरशी नाही. आजच्या शायांत सौम्य संरक्षक असतात, माणसाच्या तब्येतीला ते बरे, पण पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर बुरशीची धास्ती जास्त. या एका बाबतीत मी जुन्याच्या बाजूचा आहे.

पण बाटलीच्या आत बघा. काचेवर एकाखाली एक अशा शाईच्या बारीक कडा वाळलेल्या आहेत, विहिरीच्या कठड्यावर पाण्याच्या खुणा असाव्यात तशा. ही शाई फक्त वापरून संपलेली नाही, ती आटत आलीय. झाकणाच्या आतली चकती आक्रसली आहे, तिथून पाणी गेलं आणि रंग मागे राहिला. म्हणजे आज बाटलीत जे आहे ते आजोबांनी भरलं त्यापेक्षा दाट आहे. ‘जुनी शाई किती गडद आणि भरीव होती’ असं अनेकजण म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी आटलेली शाई बघितलेली असते.

मी गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घेतलं आणि ड्रॉपरने मोजून चार नमुने केले. तशीच शाई, शाईच्या चार थेंबांत पाण्याचा एक थेंब, शाईच्या दोनात पाण्याचा एक, आणि निम्मं-निम्मं. टाकाने खतावणीच्या कागदावर चारही ओळी लिहिल्या. तशीच शाई जवळजवळ काळी चॉकलेटी. दोनात एकची ओळ तुमच्या १९५८ च्या पत्राच्या आतल्या घडीशेजारी ठेवली तर मला फरक सांगता आला नाही. नळाचं पाणी यासाठी कधीच घेऊ नका, आजव्याचं असो की बोअरचं. त्यातले क्षार काही रंगांना खाली बसवतात.

शाई प्रवाहात कशी चालते, यात मात्र जुन्या-नव्याचा फरक ठरावीक नाही, कंपनीचा आहे. पेलिकनची ४००१ मालिका शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि तिची शाई कोरडी चालते, म्हणजे निबमधून बेताने उतरते. वॉटरमन आणि पायलटच्या इरोशिझुकु मोकळ्या वाहतात. तुमच्या आजोबांचं पेन ड्रॉपरने भरायचं आहे, त्याची जीभ, म्हणजे निबखालचा एबोनाइटचा तुकडा, भरपूर शाई सोडतो. त्यात मोकळी शाई घातली तर अक्षर जाड आणि एकसारखं गडद येणार, तपकिरीतली ती फिकट-गडद होणारी छटा दिसणारच नाही. तपकिरी शाईची सगळी मजा त्या छटेत आहे. रेघ जिथे सुरू होते तिथे फिकट आणि जिथे हात थांबतो तिथे दाट. म्हणून या पेनाला कोरडी शाई द्या, हा माझा ठाम सल्ला.

बाजारात काय घ्यावं हे सांगताना मी नेहमी आधी विचारतो, तुम्हाला कुठला तपकिरी हवाय? आपल्या भाषेत त्याला पुष्कळ नावं आहेत आणि ती शाईच्या बाटल्यांवरच्या नावांपेक्षा जास्त उपयोगी आहेत. तपकिरी हा शब्दच मुळी तपकिरीच्या डबीतून आलाय, नाकात ओढायच्या. तो पिवळसर, मातीकडे झुकणारा. काथी हा तांबूस आणि खोल. विटकरी आणखी तांबडा. चॉकलेटी गडद. मातकट म्हणजे ज्यात हिरवट-राखाडी मिसळलंय तो. बदामी सगळ्यात फिका.

मातकट हवा असेल तर फ्रान्सच्या हर्बिनची ‘ली द ते’ बघा. नावाचा अर्थच चहाचा चोथा, आणि रंग अगदी तसाच, गाळणीत उरलेल्या चोथ्यावरून दुसऱ्यांदा पाणी ओतावं तसा. छटा फार सुंदर देते. विटकरी हवा तर लिव्हरपूलच्या डायमीनची ‘एन्शन्ट कॉपर’. रंग देखणा आहे, पण निबवर तिचे खडे साचतात, दोन-तीन दिवस पेन पडून राहिलं की निबच्या चिरेवर तांबडी खपली धरलेली दिसेल. त्याने पेन बिघडत नाही, ओल्या फडक्याने पुसलं की जातं, फक्त आधी माहीत असावं. पेलिकन ४००१ मधला ‘ब्रिलियंट ब्राउन’ तांबूसच आहे आणि वर म्हटलं तसा कोरडा चालतो. वॉटरमनचा तपकिरी पूर्वी ‘हवाना’ नावाने मिळायचा, आता ‘अॅब्सोल्यूट ब्राउन’ नावाने मिळतो. तो काथीच्या जवळचा, शांत आणि कुठल्याही पेनाला सोसणारा. पायलटच्या इरोशिझुकु मालिकेत, जी २००७ साली आली, ‘त्सुकुशी’ तांबूस आहे आणि ‘यामा-गुरी’ गडद, किंचित जांभळटपणा असलेला. यामा-गुरी म्हणजे डोंगरी चेस्टनट. मला स्वतःला रोजच्या लिहिण्यासाठी हाच आवडतो, पण तुमच्या पत्रांशी त्याचा काही संबंध नाही.

जुन्या नावावर विसंबून नवी बाटली घेऊ नका, हेही सांगायला हवं. शेफरची स्क्रिप १९२२ पासूनची, पण अमेरिकेत बनलेली जुनी तपकिरी आणि पुढे स्लोव्हेनियात बनू लागलेली, या एकच शाई समजू नका. (शेफर कंपनी २०२२ मध्ये बेंगळुरूच्या विल्यम पेनने घेतली, म्हणजे आता ती आपल्या देशाची आहे, याचा मला आनंद आहे.) लेबलावरचं नाव तेच राहतं, आतले रंग बदलत जातात, कारण एखादा रंग बनणं बंद होतं, एखाद्यावर बंदी येते, एखादा महागतो. कारखान्यात आम्ही हे दर वर्षी बघायचो. ग्राहकाला ‘तोच’ तपकिरी हवा असायचा आणि आम्ही तो दुसऱ्याच घटकांतून जुळवून द्यायचो. दिवसाच्या उजेडात तो तंतोतंत जुळायचा आणि ट्यूबलाइटखाली वेगळा पडायचा. शाईलाही हे लागू आहे. तुलना करताना नेहमी उत्तरेकडच्या खिडकीशी बसा, दिव्याखाली नाही.

आणि आपल्याकडच्या जुन्या शाया? कॅमलिनची सुरुवात १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’च्या शाईच्या पुडीने आणि वड्यांनी केली. पुडी किंवा वडी घरच्या पाण्यात विरघळवायची. कुणी जास्त पाणी घालायचं, कुणी कमी, कुणाचं पाणी विहिरीचं तर कुणाचं नळाचं. अशा शाईचा ‘मूळ रंग’ कुठला, याला उत्तर नाही. बंगालची सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या भरातली, मधे बरीच वर्षं बंद पडली आणि आता पुन्हा मिळते. पण आपल्या घरांत रोजची शाई निळी किंवा निळीकाळी, मास्तरांची तांबडी, साहेबांची हिरवी. तपकिरी ही हौसेची होती. तुमच्या आजोबांनी ती मुद्दाम आणली आणि बारा वर्षं तीच वापरली, यावरून त्यांना रंगाची जाण होती असं मला वाटतं.

ज्या १९५४ पर्यंतच्या पत्रांचा रंग तुम्हाला जास्त आवडला, त्या रंगासाठी मात्र वेगळा रस्ता आहे. प्लॅटिनमची क्लासिक मालिका २०१७ मध्ये आली, ती लोहाच्या जातीची आहे. त्यातली ‘सेपिया ब्लॅक’ लिहिताना तपकिरी असते आणि वाळता वाळता डोळ्यांदेखत गडद होत जाते. जुन्या लोहाच्या शाईपेक्षा ती सौम्य आहे, तरी पेन दर तीन-चार आठवड्यांनी धुवावं लागतं आणि ती पेनात वाळू द्यायची नाही. अक्षर पाण्याने जाणार नाही असं हवं असेल तर त्याच कंपनीची रंगकणांची (पिगमेंटची) ‘ब्रून सेपिया’ आहे. पण ती ज्या पेनाने रोज लिहाल त्यातच घाला. रंगकण जिभेच्या खाचांत एकदा वाळले की माझ्यासारख्याकडे यावंच लागतं. आणि दुकानांत मिळणारी अक्रोडाची किंवा चित्रकारांची सेपिया शाई पेनात भरूच नका, ती टाकासाठी आणि कुंचल्यासाठी आहे.

आता आजोबांच्या पेनात जुनी क्विंक भरायची का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला माझ्या घरचं कारण आहे. वडिलांच्या पेनात मी एकदा अशीच जुनी तपकिरी शाई भरली. आधीच्या निळ्याकाळ्याचा थोडा अंश आत राहिला होता, मी पेन नुसतं हिसळलं होतं, धुतलं नव्हतं. दोन्ही शायांचा मेळ बसला नाही आणि रातोरात आत दह्यासारखा गोळा झाला. तो काढताना जिभेची एक बारीक फणी तुटली. पेन अजून आहे, पण त्याने लिहिताना शाई ज्या हिशेबाने उतरायची तशी पुन्हा कधी उतरली नाही. सत्तर वर्षांच्या बाटलीत खाली किती गाळ बसलाय हे वरून कळत नाही. मी तुमच्या बाटलीत काचेची कांडी फिरवली तर तळातून बारीक कण वर आले. म्हणून ही शाई टाकाने वापरा. टाक धुता येतो, पुसता येतो, निब खराब झाली तर दुसरी लावता येते.

दुसऱ्या जुन्या बाटल्या हाती लागल्या तर एवढं पाळा. वर पांढरी साय किंवा जाळं दिसलं की बाटली बंद करून टाकून द्या, गाळून वापरायची नाही, ती बुरशी पेनातून पेनात जाते. बाटलीवर ‘५१’ किंवा सुपरक्रोम असं छापलेलं असेल तर ती कुठल्याच पेनात नको. १९४१ च्या पार्कर ५१ साठी लवकर वाळणारी म्हणून काढलेल्या त्या शाया फार तीव्र होत्या, बाकीच्या पेनांचं त्यांनी नुकसान केलं. आणि चेकवर तपकिरी शाई वापरू नका. आता चेकची प्रतिमा पुढे जाते, तिथे गडद शाईच हवी.

तुमचं पेन मी उघडून थंड पाण्याने धुतलंय. गरम पाणी एबोनाइटला लावायचं नाही, ऊनही नको. काळं एबोनाइट दोन्हींनी विटून तपकिरी होतं, आणि तो तपकिरी परत जात नाही. टोपीवर तसा एक पट्टा आधीच आहे, पॉलिश करून तो घालवता येईल, पण कोरलेली अक्षरं पुसट होतील, म्हणून मी हात लावलेला नाही. पेनात सध्या पेलिकनची ब्रिलियंट ब्राउन भरून ठेवलीय, अर्धीच नळी. रविवारी याल तेव्हा नमुन्यांचा कागद बघा. वरच्या चार ओळी तुमच्या क्विंकच्या, पाणी कमी-जास्त केलेल्या. खालच्या सहा आजच्या शायांच्या. सगळ्यात खालची ओळ मी कोरी ठेवलीय, तिथे तुमच्या पेनाने तुम्ही स्वतः लिहून बघा, कारण तुमचा हात आजोबांसारखा डावीकडे झुकतो, आणि निब त्याच बाजूने झिजलेली आहे.